निमसरकारी जावई

कोरेगावच्या लालासाहेब जगदाळ्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची. सरकारी आणि बाकीची. बाकीच्यांत डॉक्टर आले, वकील आले, पन्नास एकर ऊसवाले आले, आणि कुणी फारच खोलात शिरलं तर देवही आले. कारण देवाला पेन्शन असल्याचा पुरावा लालासाहेबांना कुठं मिळाला नव्हता. ते स्वतः एसटीत कंडक्टर होते. चौतीस वर्षं सर्विस केली. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी देवळात आरतीला गर्दी झाली, की हे दारातून हाळी देणार, "आत चला, आत चला, मधी मोकळं हाय!" आणि पुजाऱ्यासकट सगळे दोन पावलं आत सरकणार.

या माणसाचा एकच हट्ट होता. एकुलती एक पोरगी राजेश्वरी, ती सरकारी नोकरीवाल्यालाच द्यायची. मुलगा काळा असो, गोरा असो, त्याला शेती असो, नसो, चालेल. पण नोकरी सरकारी. हा हट्ट त्यांच्या डोक्यात कुठून शिरला हे घरात एका अंबूबाईंनाच ठाऊक होतं, आणि बायको म्हणून चौतीस वर्षं काढलेली बाई कुठं बोलावं नि कुठं गप्प राहावं हे बरोबर जाणते.

राजेश्वरी मिरजेला नर्सिंग शिकली आणि चार वर्षांपूर्वी इंग्लंडला गेली. पोरगी सातासमुद्रापार गेली याचं आईला रडू आलं. बापाने फक्त विचारलं, "दवाखाना सरकारी का खाजगी?" सरकारी आहे म्हटल्यावर ते स्वतः तिची बॅग उचलून गाडीत ठेवायला पुढे झाले. पण खरं सांगायचं तर या माणसाचा जीव पोरीत होता. दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यासाठी लालासाहेब धुतलेला सदरा घालून, केसांना पाणी लावून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून अर्धा तास आधी बसायचे.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, "आबा, एक मुलगा हाय. आपल्याकडचाच. कुपवाडचा. ऋषिराज माने."

"करतोय काय?"

"इथं रेल्वेत हाय. गार्ड हाय."

लालासाहेबांनी पहिला शब्द ऐकला आणि पुढचं ऐकायला ते जागेवर राहिलेच नाहीत. रेल्वे! आपल्याकडे रेल्वे म्हणजे थेट केंद्र सरकार. राज्य सरकार सुद्धा नव्हे, केंद्र! "अंबे, जावई सेंट्रलचा मिळाला गं!" असं ओरडत त्यांनी चप्पल घातली. तासाभरात पानाच्या टपरीवर, शिंप्याच्या दुकानात आणि स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीत बातमी पोहोचली. संध्याकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन ते दस्तगीरच्या घरी गेले.

दस्तगीर त्यांचा ड्रायव्हर. म्हणजे बावीस वर्षं सांगलीच्या गाडीवर दस्तगीर पुढे आणि लालासाहेब मागे. इतकी वर्षं दोघं एकमेकांचं तोंड न बघता नुसते ओरडून बोलत आले. त्यामुळे आता ओट्यावर शेजारी बसले तरी आवाज खाली येत नसे. दस्तगीरने दोन पेढे एकदम तोंडात टाकले. त्याची लेक अर्शिया कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती आतून आली नि सगळं ऐकून म्हणाली, "चाचा, पण तिकडं रेल्वे सरकार चालवत नाही सगळीकडं. रूळ सरकारचे असतात. गाड्या खाजगी कंपन्या चालवतात, ठेका घेऊन."

"म्हंजे कसं?"

"म्हणजे रस्ता सरकारचा, गाडी कंपनीची."

लालासाहेबांच्या हातातला पेढा हातातच राहिला. रस्ता सरकारचा आणि गाडी खाजगी, हे प्रकरण त्यांच्या पुरेपूर ओळखीचं होतं. एसटी स्टँडच्या बाहेर उभ्या राहणाऱ्या वडापच्या जीपगाड्या, दहाच्या जागी अठरा माणसं कोंबणाऱ्या, एसटीच्या तोंडातला प्रवासी पळवणाऱ्या. त्यांच्याशी भांडण्यात लालासाहेबांची अर्धी सर्विस गेली होती.

"दस्तगीर," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आरं, ही तर वडाप!"

"रेल्वेची वडाप?" दस्तगीर म्हणाला. "लय मोठी आसंल की रं."

"माझी पोरगी वडापवाल्याला देऊ? पेढे हिकडं आण."

दस्तगीरच्या कृपेने बॉक्समध्ये एकच पेढा उरला होता. लालासाहेबांनी तो घेतला आणि घरी गेले.

त्या रात्रीच राजेश्वरीला निरोप गेला, की हे जमणार नाही. तिने शांतपणे सांगितलं, "आबा, तुमी व्हय म्हणल्याबिगर मी लगीन करणार न्हाई. आन् दुसऱ्या कुणाशी तर करणारच न्हाई." पुढच्या रविवारपासून कॉल अंबूबाईंच्या फोनवर यायला लागला. अंबूबाई फोन घेऊन सैपाकघरात बसत. लालासाहेब धुतलेला सदरा घालून दाराबाहेर उभे राहत आणि कान लावत. आतून पोरीचा आवाज यायचा, "आबांना म्हणावं बीपीची गोळी चुकवू नगासा." एवढंच. सात महिने हेच चाललं. माणूस आतून पोखरला जात होता, पण गावाला सांगायचा की रेंज नसते.

मध्ये त्यांनी आपल्या परीने खटपट केली नाही असं नाही. जत तालुक्यातला एक वनरक्षक त्यांनी हुडकून काढला. दस्तगीर म्हणाला, "आरं, ह्यो बी गार्डच हाय की!" त्यावर "ह्यो सरकारी गार्ड हाय," असं म्हणून लालासाहेब उन्हातान्हात तिकडे जाऊन आले. मुलाच्या आईने विचारलं, पोरगी इंग्लंड सोडून जतला मेंढरांच्या गावात यायला तयार आहे का. पोरीला यातलं काहीच माहीत नाही हे सांगायचं जिवावर आल्यामुळे लालासाहेब पाणी पिऊन परत आले.

आणि मग एका मंगळवारी कुपवाडहून ऋषिराजच्या वडिलांचा, जोतीराम मान्यांचा फोन आला. कुपवाडच्या एमआयडीसीत त्यांचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप. आयुष्यभर लोखंड कातलेला माणूस, बोलणं तसंच. "पाव्हणं, आमच्या पोराची रेल्वे कंपनी सरकारनं घेतली. ठेका संपला. कागद आलाय. गुरुवारी घेऊन येतो." आणि फोन ठेवला.

त्या कंपनीचं नाव लालासाहेबांना शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही, तेव्हा आपणही त्याच्या वाटेला जायला नको. इंग्लंडच्या उत्तरेकडे डोंगराडोंगरांतून दोन-दोन डब्यांच्या गाड्या सोडणारी कंपनी, एवढं समजलं तरी पुरे. लालासाहेबांनी मात्र त्या दोन दिवसांत घराची झाडलोट करवली, दस्तगीरला आणि कागद वाचायला अर्शियाला बोलावून घेतलं, आणि आपण स्वतः कोपऱ्यातली हातांची मोठी खुर्ची मधोमध ओढून तिच्यात बसले.

जोतीराम आले ते हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन.

"कशानं आला पाव्हणं?" लालासाहेबांनी विचारलं.

"एसटीनं."

"तिकीट बघू."

जोतीरामांनी गपगुमान खिशातून तिकीट काढून दिलं. लालासाहेबांनी ते उजेडात धरून बघितलं आणि समाधानाने परत केलं. आत अंबूबाईंनी कपाळावर हात मारला.

मग पिशवीतून कागद निघाला. अर्शियाने चष्मा लावला. "अमुक तारखेपासून ही रेल्वेसेवा सरकारच्या मालकीची झाली आहे," तिने वाचलं. लालासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "सगळे कर्मचारी आहे त्या हुद्द्यावर नव्या कंपनीत वर्ग झाले आहेत."

थाप मारलेला हात वरच थांबला. "कुठं वर्ग झाल्यात?"

"नव्या कंपनीत."

"सरकारनं घेतली म्हणालीस न्हवं? मग कंपनी कुठनं आली? खातं कुठाय?"

"सरकारचीच कंपनी, चाचा. शंभर टक्के मालक सरकार. कारभार कंपनी बघते." अर्शियाने जरा विचार केला. तिला वाटलं आपण आता अगदी सोपं करून सांगतोय. "आपल्याकडं नाही का, एसटीचं असतं तसं. महामंडळ!"

दस्तगीर खूश झाला. "लाला, आरं, आपलंच की रं! एसटीच ती, रुळावरची!"

जोतीरामही हसले. सगळ्यांना वाटलं जमलं. पण लालासाहेबांचा चेहरा उतरत उतरत पार पडला, आणि ते खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाले, "महामंडळ म्हंजे सरकार न्हवं."

त्याच वेळी चहा घेऊन अंबूबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी ट्रे टीपॉयवर ठेवला. इतक्या जोरात ठेवला की कप बशीतून उडून पुन्हा बशीत बसले.

"ह्ये कुणाचं बोलणं हाय, आठवतंय का तुमास्नी?"

लालासाहेबांनी खुर्चीचे हात सोडले.

ते बोलणं अंबूबाईंच्या वडिलांचं होतं. ते तलाठी. अस्सल सरकारी माणूस, सातबाऱ्याशिवाय कुणाच्या बारशालाही न जाणारा. त्यांना दोन जावई. धाकटा पाटबंधारे खात्यात, थोरले लालासाहेब एसटीत. दिवाळीला दोघं सासरी गेले की धाकट्याला हातांची खुर्ची आणि थोरल्याला बिनहातांचं लाकडी स्टूल. का, तर महामंडळ म्हणजे सरकार नव्हे, जावई निमसरकारी. वीस दिवाळ्या लालासाहेबांनी फराळाचं ताट मांडीवर घेऊन, कोपरं हवेत ठेवून चिवडा खाल्ला. सासऱ्यासमोर कधी ब्र काढला नाही. पण तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं, की आपला जावई असा आणायचा, की कुणाच्या बापाची त्याला स्टूल द्यायची छाती होणार नाही.

"आन् आज पाव्हण्यास्नी कशावर बसवलंयसा?" अंबूबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. जोतीराम माने, वय वर्षं साठ, कुपवाडहून तीन गाड्या बदलून आलेले, बाथरूममधल्या निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर अंग चोरून बसले होते. ते घाईघाईने म्हणाले, "न्हाई न्हाई, बरं हाय की ह्ये. वर्कशॉपात सवय हाय."

लालासाहेब ताडकन उठले. त्यांनी जोतीरामांना दंडाला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि आपण उभे राहिले. कुठे बघावं ते त्यांना कळेना.

"आता निघालंच हाय तर ऐका," अंबूबाई म्हणाल्या. "त्यो पाटबंधाऱ्याचा आदी मला बघाया आला हुता."

"कोण? साडू?"

"तुमचा साडू. आला, खुर्चीत बसला, आन् घराला खण किती हाईत ते मोजाया लागला. मी पोह्याच्या बश्या घिऊन हुबी, तर वर बघितलं न्हाई मेल्यानं. आठ दिसांनी तुमी आला. मी बश्या घिऊन आली तसं तुमी उठून हुबं ऱ्हायला आन् म्हणला, 'बसून घ्या बाई, पडाल.' समदं घर हसलं. माजा बा बी हसला. मी आत जाऊन आईला सांगिटलं, करीन तर ह्यालाच."

दस्तगीरला हसू आवरेना. त्याने चहाच्या कपात तोंड घातलं.

"मग तुझा बा कसा तयार झाला?" लालासाहेबांनी विचारलं. आवाज अगदी पुढच्या सीटवरून आल्यासारखा लांबून आला.

"कुठला तयार हुतोय! म्हणला, महामंडळ म्हंजे सरकार न्हवं. मी दोन दिस जेवली न्हाई. मग तुमास्नी मला दिली आन् त्या खण मोजणाऱ्याला धाकटीच्या गळ्यात बांदला." अंबूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "पोरीनं हट्ट कुणाचा घेतलाय आसं वाटतंय तुमास्नी? तुमचा? तुमाला कुठं येतोय हट्ट धरायला. माजा हाय त्यो."

"आगं, मग इतकी वर्सं बोललीस का न्हाईस?"

"इचारलं कवा तुमी?"

चौतीस वर्षं हा माणूस समजून चालला होता, की तलाठ्याच्या पोरीला आपण म्हणजे नाइलाजाने गळ्यात पडलेली हलकी चीज. त्यापायी त्याने दिवाळ्या नासवल्या, साडूशी नीट बोलला नाही, आणि आता तर पोरीचं तोंड बघायला महाग झाला होता. लालासाहेबांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, चारचौघांत पुसले, आणि म्हणाले, "फोन आण माझा."

राजेश्वरीने पहिल्याच रिंगला उचलला. "आबा?"

सात महिन्यांनी पोरगी समोर दिसली, तशी लालासाहेबांनी केसांवरून हात फिरवला. मग ते म्हणाले, "गोळी घेतली."

"बरं केलंसा," ती म्हणाली.

"त्या पोराला जोड."

फोनवर दुसरी चौकट उघडली. ऋषिराज युनिफॉर्ममध्ये होता. एका बारक्या स्टेशनातल्या बाकावर बसून डबा खात होता. मागे हिरवा डोंगर आणि त्यावर दहाबारा मेंढरं. लालासाहेबांना बघून तो उभाच राहिला, तशी चपातीवरची भाजी खाली सांडली.

"नमस्कार काका."

"गाडी सोडताना घंटी किती?" लालासाहेबांनी एकदम विचारलं.

पोरगा गडबडला. "अं? दोन. ड्रायव्हरला दोन बझर द्यायचे, मग तो गाडी काढतो."

"आन् थांबवायला?"

"एक."

लालासाहेबांनी मान वळवून दस्तगीरकडे बघितलं. दस्तगीरने बशी खाली ठेवली. बावीस वर्षं तो एका टोल्याला थांबला होता आणि दोन टोल्यांना निघाला होता. "सिंगल बेल, डबल बेल," तो पुटपुटला. "तितं बी?"

"तिकीट तूच फाडतोस?"

"मशीन असतं, काका. डब्यात फिरून द्यायचं. लहान स्टेशनावर खिडकी नसते."

"लहान स्टेशनाला गाडी थांबती?"

"काही ठिकाणी कुणी हात केला तरच थांबते."

"हात दाखवा, गाडी थांबवा!" लालासाहेब आणि दस्तगीर एकदमच ओरडले. जोतीराम दचकले.

"सुट्ट्या पैशावरनं भांडणं?"

"नाही होत. सगळे कार्ड टेकवतात."

"न्हाई होत?" लालासाहेबांना त्याची कणव आली. "मग दिस कसा जातो रं तुजा?"

ऋषिराज आता जरा मोकळा झाला. म्हणाला, "काका, खरं सांगू का? एक अडचण येते. एक म्हातारी बाई रोज सकाळी येते, काठी घेऊन. ती जागेवर बसेपर्यंत मी बझर देत नाही. त्यात मिनिटभर जातं. मग गाडी उशिरा का सुटली ते लिहून द्यावं लागतं. राजेश्वरीनं सांगितलंय तुम्ही चौतीस वर्षं काढली. तुम्ही काय करायचा?"

आजवर लालासाहेबांना गावात पुष्कळांनी पुष्कळ काही विचारलं होतं. सांगलीची गाडी किती वाजता, मुक्कामाची गेली का, रिटायर होताना किती मिळाले. पण नोकरीतलं अडलेलं कुणी विचारायला आलं नव्हतं. ते नीट सावरून, फोन दोन्ही हातांत धरून बोलले.

"बसूस्तवर घंटी द्यायची न्हाई. साहेब काय बी लिहू दे. तू कागदावर लिवायचं, प्रवासी चढत हुतं. खोटं हाय का त्ये? चढत हुतंच की. आन् त्या म्हातारीची जागा दारापाशीच राखून ठेव, म्हंजे मिनिटाचं अर्धं मिनिट हुतंय."

"बरं काका."

"काका न्हवं. मामा म्हण."

आपल्याकडे जावई सासऱ्याला मामा म्हणतो हे सांगायची गरज कुणालाच नव्हती. जोतीरामांनी नुसतं "हां" म्हणून खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात टेकले. दस्तगीर पेढे आणायला उठला, कारण त्याच्या मते त्या दिवसाचा एक बॉक्स तो देणं लागत होता. पण फोनमधला पोरगा अजून उभाच होता, आणि त्याचा चेहरा काही केल्या सैल होत नव्हता.

"मामा, एक सांगायचं राहिलंय. मागून कळलं तर तुम्हाला वाटेल लपवलं. मला लागून दहाच महिने झालेत. वर्ष व्हायचंय. मी अजून प्रोबेशनवर आहे."

जोतीरामांनी डोळे मिटून घेतले. दस्तगीर उंबऱ्यात एक पाय आत, एक बाहेर असा थांबला. अंबूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही, त्या टीपॉयवरचा सांडलेला चहा पुसत राहिल्या.

"त्ये तुजं नि सरकारचं, तुमी बघून घ्या," लालासाहेब म्हणाले. "आमच्याकडं तू आजपासनं कायम."

ऋषिराज मटकन बाकावर बसला. दुसऱ्या चौकटीत राजेश्वरीने फोन खाली टाकला असावा, कारण तिथे बराच वेळ नुसतं छत दिसत होतं.